युनियनविरुद्धच्या तक्रारीची ९० दिवसांची मुदत उलटून गेली आहे. आता कोणता मार्ग उरतो?

गंगापूरचा कामगार, वाळूज
२ डिसेंबर २०२४

सर्वांना नमस्कार. मी वाळूज औद्योगिक वसाहतीत दुचाकींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात अकरा वर्षांपासून पॉवर प्रेसवर कायम कामगार आहे. माझे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिन्याला २२,४०० रुपये होतात. आमच्याकडे एक मान्यताप्राप्त युनियन आहे आणि मी पहिल्या दिवसापासून तिचा सभासद होतो. ‘होतो’ असे लिहिताना आजही हात अडखळतो.

डिसेंबर २०२३ मध्ये युनियनने कंपनीबरोबर तीन वर्षांचा वेतनकरार केला. त्या कराराच्या फरकाची रक्कम २५ जानेवारी २०२४ रोजी आमच्या खात्यांत जमा झाली. माझा फरक १,१८,००० रुपये होता आणि त्यातून ‘युनियन लेव्ही’ म्हणून ११,८०० रुपये परस्पर कापून घेतले गेले. एप्रिलमधील गेट मीटिंगमध्ये मी उभा राहून एवढेच विचारले की, सुमारे तीनशे कामगारांकडून जमलेल्या या रकमेचा हिशोब सभासदांपुढे कधी ठेवला जाणार आहे. मी आवाज चढवला नव्हता, आणि ज्यांनी ते ऐकले त्यांपैकी अनेकांनी नंतर कॅन्टीनमध्ये माझ्या पाठीवर हात ठेवला.

१४ जून रोजी कॅन्टीनच्या दाराजवळील फलकावर, सुरक्षा सप्ताहाच्या जुन्या पत्रकाच्या अर्ध्या भागावर, एक कागद टाचलेला दिसला. ‘संघटनाविरोधी वर्तनामुळे’ माझे सभासदत्व रद्द करण्यात आल्याचे त्यावर लिहिले होते. मला त्याआधी कोणतीही नोटीस दिलेली नव्हती आणि माझे म्हणणेही कोणी ऐकून घेतलेले नव्हते. त्यानंतर, करारानुसार आठ वर्षे पूर्ण केलेल्या कामगारांना जी वरची ग्रेड मिळावयाची होती, ती जुलैच्या पगारात माझ्यापेक्षा कनिष्ठ असलेल्या दोघांना मिळाली, मला मात्र मिळाली नाही. ७ ऑगस्टला पगारपत्रक हातात आल्यावर मी विचारणा केली, तेव्हा कंपनीच्या कार्मिक विभागाने सांगितले की, नावांची यादी युनियनच्या कमिटीकडूनच आली आहे.

मी सरचिटणीसांना तीन वेळा भेटलो. प्रत्येक वेळी ‘पुढच्या मीटिंगला तुझा विषय घेतो, कोर्टाची भाषा करू नकोस’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर २० ऑगस्टला मी एका सरकारी कार्यालयात लेखी अर्ज दिला. हा विषय त्यांच्या अधिकारात येत नाही, असे पत्र मला ११ ऑक्टोबरला मिळाले. पुढे १९ ऑक्टोबरला वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ९ नोव्हेंबरपर्यंत आम्ही घाटी रुग्णालयात होतो. दिवाळी तिथल्या व्हरांड्यातच गेली.

आता एका ओळखीच्या माणसाने सांगितले की, अशा तक्रारीला ९० दिवसांचीच मुदत असते. फलकावर कागद लागला त्या दिवसापासून आज १७१ दिवस झाले आहेत. माझी तक्रार आता कायमची बुडाली का? उशीर माफ होतो असे म्हणतात. तो माफ होण्यासाठी नेमके काय दाखवावे लागते? मला कोणाचा सूड घ्यायचा नाही. मला माझे सभासदत्व परत हवे आहे, माझी ग्रेड हवी आहे आणि त्या पैशांचा हिशोब हवा आहे.

---

जुना कार्यकर्ता, चिकलठाणा
२ डिसेंबर २०२४

भाऊ, आपले लिहिणे वाचून वाईट वाटले, कारण ज्या संघटनेसाठी आम्ही आयुष्य घातले तिच्या नावाने असे कागद फलकावर लागावेत, ही आम्हा जुन्या माणसांसाठी शरमेची गोष्ट आहे. मी छत्तीस वर्षे युनियनचे काम केले. आमच्या वेळी औरंगाबादला उच्च न्यायालयाचे खंडपीठही नव्हते. ते १९८१ साली आले, आणि तोपर्यंत वरच्या कोर्टातले कोणतेही प्रकरण म्हणजे मुंबईची वारी असे. त्यामुळे मुदत, तारीख आणि पोहोच यांचे महत्त्व आम्ही फार लवकर शिकलो, आणि त्यातल्या काही गोष्टी हरून शिकलो.

कायद्याचे बारकावे येथील वकील मंडळी सांगतील. मी अनुभवातली एकच गोष्ट सांगतो. पुढाऱ्याच्या तोंडी आश्वासनाने मुदत थांबत नाही. ‘पुढच्या मीटिंगला बघू’ हे वाक्य मी स्वतः अनेकांना सांगितले आहे. त्यात दर वेळी कपट असते असे नाही. पुष्कळदा खरोखरच पुढच्या मीटिंगला तो विषय घ्यायचा असतो. परंतु ऐकणाऱ्याचे दिवस त्या वाक्याने खर्च होतात, सांगणाऱ्याचे होत नाहीत. आमच्या एका बॉयलर अटेंडंटची बदली झाली होती. मी त्याला थांबवून ठेवले, वाटाघाटी चालू आहेत म्हणालो, आणि त्या खरेच चालू होत्या. तक्रार दाखल करायला पाच महिने लागले. न्यायालयात त्याला विचारले गेले की, वाटाघाटी चालू असल्याचा एखादा कागद आहे का, आणि आमच्याकडे एकही कागद नव्हता. मी साक्षीला उभा राहिलो, पण तारखा सांगताना माझीच गडबड झाली. त्याचा विलंब माफ झाला नाही. तो माणूस आज हयात नाही. त्याच्या मुलाच्या लग्नाला मी गेलो होतो, आणि जेवणाच्या पंगतीत त्याच्याशेजारी बसताना मला घास गिळवत नव्हता.

म्हणून आज रात्रीच एक वही घ्या आणि १४ जूनपासून आजपर्यंतचा प्रत्येक टप्पा तारखेसह लिहून काढा. सरचिटणीसांना कोणत्या दिवशी, कोठे भेटलात, बरोबर कोण होते, त्या दिवशी पाळी कोणती होती, हे सगळे लिहा. फोनवरील संदेश असतील तर ते पुसू नका. आणि ज्या कार्यालयात अर्ज दिला त्याची आवक शिक्का असलेली प्रत सापडते का, ते आधी पाहा.

---

श्रमकायदा वकील, लातूर
३ डिसेंबर २०२४

काकांनी सांगितलेले प्रथम करावे. त्यानंतरची गोष्ट अशी की, आपण तीन वेगवेगळ्या तक्रारी एकाच पोत्यात भरल्या आहेत आणि त्या तिन्हींना ९० दिवसांचे एकच कुलूप लावले आहे. त्या वेगळ्या केल्या की चित्र बरेच बदलते. आज, डिसेंबर २०२४ मध्ये, लागू असलेल्या कायद्यांप्रमाणे मी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा गोंधळ मला वर्षानुवर्षे दिसत आला आहे आणि त्यात माणसे हकनाक हक्क सोडून घरी बसतात.

९० दिवसांची मुदत येते ती आपल्या राज्याच्या, कामगार संघटनांना मान्यता देण्याच्या आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याच्या १९७१ च्या कायद्यातून, ज्याला सगळे त्याच्या इंग्रजी नावावरून ‘एमआरटीयू पल्प’ म्हणतात. त्याच्या कलम २८ नुसार अनुचित कामगार प्रथा घडल्यापासून ९० दिवसांच्या आत तक्रार दाखल करावयाची असते. त्याच कलमाला जोडलेल्या परंतुकानुसार, म्हणजे अपवादाच्या तरतुदीनुसार, उशिरासाठी योग्य आणि पुरेशी कारणे दाखविली, तर न्यायालय मुदतीनंतरही तक्रार दाखल करून घेऊ शकते. म्हणजे ९० दिवस ही भिंत नसून दार आहे. फक्त ते दार उघडण्याची जबाबदारी तक्रारदारावर आहे.

परंतु युनियनविरुद्ध या कायद्याखाली नेमकी कशाची तक्रार करता येते, हे फार थोड्यांनी वाचलेले असते. कामगार संघटनांच्या अनुचित प्रथा तिसऱ्या अनुसूचीत दिल्या आहेत आणि त्या मोजून सहा आहेत. बेकायदेशीर संपाला चिथावणी देणे, संपात सामील न होणाऱ्यांवर बळजबरी करणे, मान्यताप्राप्त युनियनने मालकाशी सद्भावनेने वाटाघाटी करण्यास नकार देणे, प्रतिनिधी युनियनच्या प्रमाणनाविरुद्ध दडपशाही करणे, मुद्दाम काम मंदावणे किंवा घेराव घालणे, आणि मालकाच्या किंवा अधिकाऱ्यांच्या घरापुढे निदर्शने करणे. ‘युनियनने माझे प्रकरण हाती घेतले नाही’ किंवा ‘मला सूडबुद्धीने काढून टाकले’ असे कलम त्या यादीत नाही. अमेरिकेत सभासदाचे प्रामाणिक प्रतिनिधित्व करणे हे युनियनचे कर्तव्य मानले जाते, तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये त्याची व्याप्ती स्पष्ट केली आहे, आणि अशी तक्रार करण्यास सहा महिने मिळतात. कॅनडाच्या केंद्रीय कामगार संहितेतही असे कर्तव्य लिहिलेले आहे आणि तेथे मुदत आपल्यासारखीच ९० दिवसांची आहे. आपल्या तिसऱ्या अनुसूचीत मात्र ते नाही, आणि माझ्या मते ती या कायद्यातील मोठी उणीव आहे. ज्या युनियनला कायदा मान्यता देतो आणि जिच्या सहीने सगळे कामगार बांधले जातात, त्या युनियनवर प्रत्येक कामगाराविषयीचे कर्तव्यही स्पष्ट शब्दांत टाकावयास हवे होते.

म्हणून आपले पहिले प्रकरण, म्हणजे सभासदत्व रद्द होणे, कलम २८ खाली नेण्याच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी महाराष्ट्राने १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात दुरुस्ती करून कलम २८-१अ घातले आहे. एखादी व्यक्ती युनियनची पदाधिकारी किंवा सभासद आहे की नाही, तिला चुकीच्या रीतीने काढून टाकले आहे का, तसेच युनियनची मालमत्ता आणि हिशोबाची पुस्तके यांविषयीचा वाद असेल, तर किमान सहा महिने सभासद असलेल्या व्यक्तीला तो कामगार संघटना निबंधकांची संमती घेऊन औद्योगिक न्यायालयाकडे नेता येतो. असे वाद दिवाणी न्यायालयात चालत नाहीत. आपले सभासदत्व आणि हिशोब, दोन्ही विषय याच कलमात बसतात, आणि १९७१ च्या कायद्यातील ९० दिवस येथे लागू नाहीत. याचा अर्थ आणखी वेळ घालवावा असा मुळीच नाही. निबंधकांपुढे जाताना प्रत्येक आठवड्याचे स्पष्टीकरण तयार असलेले बरे.

दुसरे प्रकरण ग्रेडचे. येथे मुख्य प्रतिपक्ष कंपनी आहे, युनियन नव्हे, कारण करार अमलात आणण्याची जबाबदारी कंपनीची आहे. १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकांच्या अनुचित प्रथा दिल्या आहेत. तिच्यातील बाब ९ करार किंवा निवाडा अमलात न आणण्याविषयी आहे आणि बाब ५ एका गटाला गुणवत्तेचा विचार न करता झुकते माप देण्याविषयी आहे. या दोन्हींसाठी कामगाराला स्वतः औद्योगिक न्यायालयात जाता येते. मान्यताप्राप्त युनियनमार्फतच जाण्याचे बंधन त्याच कायद्याच्या कलम २१ ने बाब २ आणि ६ पुरतेच घातले आहे. युनियनलाही त्यात पक्षकार करावे, म्हणजे ती यादी कोणी आणि कोणत्या निकषावर तयार केली, हे शपथेवर सांगावे लागेल. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १८ ला महाराष्ट्राने जोडलेल्या परंतुकामुळे मान्यताप्राप्त युनियनचा करार त्या आस्थापनेतील सर्व कामगारांना लागू होतो. आपण सभासद असा वा नसा, त्या कराराची ग्रेड आपली आहे.

आता मुदत. ७ ऑगस्टपासून मोजल्यास ९० दिवस ५ नोव्हेंबरला संपले, म्हणजे आज अठ्ठावीस दिवसांचा उशीर आहे. परंतु कलम २८ मध्ये ‘अवलंब केला आहे’ याबरोबरच ‘अवलंब करीत आहे’ असेही शब्द आहेत. दर महिन्याला कमी ग्रेडने पगार दिला जात असेल, तर दर महिन्याला नवे कारण घडते, असा युक्तिवाद करण्यास भक्कम आधार आहे. चुकीच्या वेतननिश्चितीविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये एम. आर. गुप्ता यांच्या प्रकरणात हेच तत्त्व मांडले. मात्र ‘चालू अन्याय’ हा शब्द सैलपणे वापरू नये. आळंदीच्या ज्ञानेश्वर महाराज संस्थानाविरुद्ध गुरवांनी लढविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये फरक स्पष्ट केला आहे: कृती एकदाच घडून इजा पूर्ण झाली असेल, तर तिचे परिणाम पुढे कितीही वर्षे भोगावे लागले तरी तो चालू अन्याय ठरत नाही. सभासदत्व रद्द होणे ही तशी एकदाच घडलेली कृती आहे. कमी पगार तसा नाही. म्हणून तक्रारीत युक्तिवाद मांडावाच, परंतु त्याबरोबर विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी जोडावे. ‘आमची तक्रार मुदतीतच आहे, आणि नसेल तर विलंब माफ व्हावा’ असे लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही.

विलंबाच्या कारणांविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कातिजी प्रकरणात म्हटले आहे की, प्रत्येक दिवसाचे स्पष्टीकरण द्यावे या नियमाचा किस पाडू नये. व्यवहारी आणि न्याय्य दृष्टीने पाहावे. तसेच चुकीच्या कार्यालयात प्रामाणिकपणे घालविलेला काळ वगळण्याचे मुदत कायद्याच्या कलम १४ मधील तत्त्व न्यायाधिकरणांपुढेही मांडता येते. आपल्या २० ऑगस्टच्या अर्जात ग्रेडचा उल्लेख असेल, तर ११ ऑक्टोबरपर्यंतचे बावन्न दिवस त्या तत्त्वाखाली मागता येतील, आणि मग ग्रेडच्या तक्रारीला उशीर झाला असे म्हणण्यास फारसे काही उरत नाही. त्या अर्जात फक्त सभासदत्वाविषयीच लिहिले असेल, तर हा लाभ मागताना अडचण येईल. तो अर्ज काढून नीट वाचा.

तिसऱ्या प्रकरणाकडे आपण पाहिलेलेच नाही, आणि मला सर्वाधिक काळजी त्याची वाटते. ११,८०० रुपये आपल्या लेखी संमतीवाचून कापले गेले असतील, तर ती कपात १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याखाली आव्हान देण्याजोगी आहे. तो कायदा युनियनची सभासद वर्गणी कापण्यासही कामगाराची लेखी संमती मागतो. फरकातून टक्केवारीने काढलेली लेव्ही तर त्याहून पुढची गोष्ट आहे. या कायद्याची वेतनमर्यादा २४,००० रुपये आहे आणि आपण तिच्या आत आहात. कलम १५ खालील अर्जास कपातीच्या दिवसापासून बारा महिने मिळतात. आपली कपात २५ जानेवारी २०२४ ची आहे. म्हणजे जी मुदत गेली म्हणून आपण झोप घालवून बसला आहात तिच्यावर उपाय आहे, आणि जी मुदत अजून हातात आहे ती सात-आठ आठवड्यांत संपणार आहे. हा अर्ज सिद्ध झाल्यास रक्कम परत मिळतेच, शिवाय कापलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाईचा आदेश देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्यास आहे.

---

युनिट पदाधिकारी, नांदेड
३ डिसेंबर २०२४

मी स्वतः एका युनियनच्या कमिटीवर आहे, त्यामुळे दुसरी बाजू सांगणे मला आवश्यक वाटते. करारासाठी दोन-दोन वर्षे वकिलांची फी, प्रवास आणि कार्यालयाचा खर्च चालतो आणि तो महिन्याच्या वर्गणीत भागत नाही, म्हणून लेव्ही घ्यावी लागते. ती घेण्यात पाप नाही. परंतु ती सर्वसाधारण सभेच्या ठरावाने, प्रत्येकाच्या सहीने आणि हिशोब दाखवून घ्यावी, एवढे पथ्य पाळले नाही तर आमच्यासारख्यांना तोंड दाखवणे कठीण होते.

युनियनच्या घटनेत, म्हणजे निबंधकांकडे नोंदविलेल्या नियमावलीत, सभासदाला काढण्याची पद्धत काय आहे आणि वरच्या समितीकडे अपील आहे का, ते पाहावे. अपील असेल तर ते रजिस्टर एडीने पाठवून द्यावे. पण त्याच्या निकालाची वाट पाहत पुन्हा थांबू नये. हिशोबाची पुस्तके आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क १९२६ च्या कायद्याच्या कलम २० ने प्रत्येक सभासदाला दिलेला आहे, आणि युनियन दरवर्षी निबंधकांना जमाखर्चाचे विवरणपत्र देते. ते माहिती अधिकारात मागता येते. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आजच अर्ज टाकलात तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कागद हाती येऊ शकतात.

---

सूतगिरणीतील ताई, जालना
४ डिसेंबर २०२४

दादा, मी कायद्याची जाणकार नाही. माझा विलंब माफ झाला होता, एवढ्यापुरते लिहिते, कारण तुमच्या घाटीच्या व्हरांड्यातल्या दिवाळीचे वाचले आणि मला माझे दिवस आठवले.

माझे प्रकरण गिरणीविरुद्ध होते. युनियनने मला चार महिने थांबवले आणि शेवटी हात वर केले. त्या काळात माझ्या मुलीला डेंग्यू झाला होता. मला वाटायचे की, आईला मुलीच्या आजारपणात कोर्ट सुचत नाही, हे कोणालाही न सांगता समजेल. वकीलबाईंनी मला समोर बसवले आणि एक कॅलेंडर पुढ्यात ठेवले. दवाखान्याचे दिवस त्यांनी लाल पेन्सिलीने भरले, युनियनच्या कार्यालयात गेल्याचे दिवस निळ्या पेन्सिलीने भरले, आणि मग मधली पांढरी राहिलेली घरे मोजली. ती सतरा होती. त्या म्हणाल्या, ‘न्यायाधीश या सतरा घरांविषयीच विचारतील.’ आणि खरोखर तसेच झाले. त्या दिवसांत मी काय करीत होते, तर मुलीला घेऊन माहेरी परतूरला गेले होते, कारण गिरणीच्या चाळीत पाणी साचले होते आणि डॉक्टरांनी तिला तेथे ठेवू नका असे सांगितले होते. ते मी प्रतिज्ञापत्रात साध्या शब्दांत लिहिले, बसची दोन तिकिटे वहीत चिकटून राहिली होती ती जोडली, आणि ते मान्य झाले.

समोरच्या वकिलांनी मला विचारले की, तुम्हाला मुदतीची माहिती केव्हा झाली. मी खरी तारीख सांगितली. माहिती नव्हती, एवढेच कारण पुरत नाही असे म्हणतात. पण खोटी तारीख सांगितली असती तर बाकीचे खरेही गेले असते, असे मला तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते.

तुमच्या लिहिण्यात १० नोव्हेंबरपासून २ डिसेंबरपर्यंतची घरे पांढरी दिसतात. ती आधी भरा.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १९८७ च्या कायद्यात मोफत वकील मिळण्यास पात्र असलेल्यांच्या यादीत स्त्रियांप्रमाणे औद्योगिक कामगारही आहेत, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. मलाही वकील तिथूनच मिळाल्या.

---

श्रमकायदा वकील, लातूर
४ डिसेंबर २०२४

ताईंच्या कॅलेंडरची पद्धत मी यापुढे माझ्या अशिलांना सांगणार आहे.

दोन गोष्टी राहून गेल्या होत्या. फोनवरील संदेश पुरावा म्हणून द्यायचे असतील, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यांच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. केवळ पडद्याचे छायाचित्र छापून जोडू नये, आणि मूळ फोन विकू किंवा बदलू नये. दुसरे असे की, फलकावर कागद लागणे आणि तो निर्णय आपल्याला प्रत्यक्ष कळविला जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत. युनियनने आपल्याला टपालाने काही पाठविले होते का? पाठविले असेल तर ते कधी मिळाले, हे महत्त्वाचे ठरेल.

---

गंगापूरचा कामगार, वाळूज
९ डिसेंबर २०२४

आपण सर्वांनी जे लिहिले ते मी तीन वेळा वाचले आणि पत्नीलाही वाचून दाखविले. वकील साहेबांचा टपालाचा प्रश्न मी मोठ्याने वाचला, तेव्हा ती उठून आत गेली आणि पिठाच्या डब्यावरच्या फळीतून एक लखोटा घेऊन आली. युनियनने सभासदत्वाचे पत्र माझ्या गावच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठविले होते. ते २७ जूनला आले, तिने सही करून घेतले, आणि मी रात्रपाळीला असल्यामुळे मला दोन दिवसांनी दिले. माझ्या मनात फलकावरचा दिवसच इतका घट्ट बसला होता की, पत्राची तारीख मी कधी मोजलीच नव्हती. लखोट्यावर गावच्या टपाल कार्यालयाचा शिक्का स्पष्ट दिसतो. पत्राच्या आत मात्र १२ जूनच्या एका ठरावाचा उल्लेख आहे, त्या ठरावाची प्रत जोडलेली नाही.

२० ऑगस्टच्या अर्जाची आवक शिक्क्याची प्रत सापडली. तो अर्ज मी हाताने लिहिला होता आणि त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात जुलैच्या पगारातील ग्रेडचा स्पष्ट उल्लेख आहे.

ताई, मी कॅलेंडर भरले. १० ते १८ नोव्हेंबर या दिवसांत वडिलांना रोज फिजिओथेरपीसाठी न्यावे लागत होते. त्याच्या नोंदी केस पेपरवर आहेत. १९ आणि २० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानामुळे कामाला सुटी होती आणि मी गावी होतो. त्यानंतर २ डिसेंबरपर्यंतचे बारा दिवस माझ्याजवळ कोणताही कागद नाही. मी कामावर जात होतो, घरी येत होतो आणि आपले सगळे संपले असे मानून गप्प बसलो होतो. प्रतिज्ञापत्रात मी हेच लिहिणार आहे. २ डिसेंबरला मला मुदतीविषयी कळले आणि त्याच दिवशी मी येथे विचारले, तेही लिहिणार आहे.

जानेवारीच्या पगारपत्रकावर ‘युनियन लेव्ही’ या शीर्षाखाली ११,८०० रुपयांची नोंद आहे. मी कार्मिक विभागाकडे माझ्या संमतिपत्राची प्रत लेखी मागितली आणि पोहोच घेतली. त्यांनी दोन दिवसांनी दाखविलेला कागद २०१४ सालचा, महिन्याच्या वर्गणीपुरता आहे. लेव्हीविषयी माझी सही कोठेही नाही. विभागातील आणखी सहा जणांनी आपापली पगारपत्रके काढून पाहिली. त्यांतील चार जण माझ्याबरोबर अर्ज करण्यास तयार आहेत, दोघांनी विचार करण्यास वेळ मागितला आहे, आणि मी त्यांना २५ जानेवारीची तारीख कागदावर लिहून दिली आहे.

शुक्रवारी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन अर्ज दिला आणि ओळखपत्र दाखविले. वकील नेमल्याचे पत्र या आठवड्यात मिळेल असे सांगितले आहे. माहिती अधिकाराचा अर्ज आणि युनियनच्या वरच्या समितीकडील अपील, दोन्ही आज सकाळी बजाजनगरच्या टपाल कार्यालयातून रजिस्टरने पाठविली. काकांनी सांगितलेल्या वहीच्या पहिल्या पानावर त्या दोन पावत्या चिकटवल्या आहेत.